कुठलं हे?

कोल्हापुरात चित्रापुढं उभा राहिलेला माणूस आधी चित्रकाराचं नाव वाचत नाही. किंमत वाचतो, पण तीही जरा नंतर, कुणाचं लक्ष नाही ना याची खात्री करून. सगळ्यात आधी तो शेजारच्याला विचारतो, "कुठलं हे?" शेजारचा ओळखीचा असायची गरज नसते. "पंचगंगेचा घाट न्हवं का, ती बघा की दीपमाळ." "छ्या, रंकाळा हाय. त्यो संध्यामठ." यावर थोडी जुंपते. तिसरा कुणीतरी येऊन निकाल देतो, आणि तिघंही समाधानानं पुढच्या चित्राकडं सरकतात. तिथं पुन्हा तेच.

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात हे संभाषण मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. दालन मोठं नाही, रमतगमत गेलं तरी पाऊण तासात सगळं बघून होतं. दर आठवड्याला दारावरचा बॅनर बदलतो. कधी एखाद्याचे जलरंग, कधी व्यक्तिचित्रं, कधी कला महाविद्यालयातल्या पोरांचं वार्षिक प्रदर्शन, कधी हौशी फोटोग्राफर मंडळींचं सामूहिक. बाहेर चौकात शाहू महाराजांचा पुतळा, आसपास त्यांच्या काळात उभी राहिलेली बोर्डिंगं, आत सभागृहात कुणाचा ना कुणाचा सत्कार चाललेला. त्यामुळं इथला प्रेक्षक चित्रं बघायलाच घरातनं निघालेला असतो असं नाही. सत्कार लांबला म्हणून बाहेर पडलेला, व्याख्यानाला अर्धा तास आधी पोचलेला, नुसता उन्हातनं सावलीला आलेला, असाही असतो. मला तोच जास्त आवडतो. उद्घाटनाला आलेले लोक समई, शाल, श्रीफळ आणि फोटो यांत अडकलेले असतात; भिंतीकडं त्यांची पाठ असते. हा मात्र एकटा, हात मागं बांधून, खरोखर बघत असतो.

मुंबईहून आलेला एक चित्रकार मला म्हणाला होता, "तुमच्या गावाला चित्र कळत नाही, पत्ता कळतो." वाक्य झकास होतं, आणि त्यानं ते बऱ्याच गावांत वापरलं असणार. त्याचं म्हणणं असं, की एकदा 'घाट' म्हणून ओळख पटली की बघणं संपतं. रंग कसा लावलाय, कागद कुठं मोकळा सोडलाय, सावली निळी का जांभळी, याकडं कुणी वळतच नाही. यातलं काही खरं आहे. पण मला वाटतं, या प्रश्नाचा त्यानं फार लवकर निकाल लावला. 'कुठलं हे?' विचारणारा माणूस चित्राला जबाबदार धरत असतो. तू आमची जागा घेतलीस, आता ती नीट घेतलीस की नाही ते सांग. ज्या गावात चित्राकडं अशी विचारणा करायला लोक येतात, तिथं चित्रकाराला काहीही करून चालत नाही. हा जाच असेल, पण त्याच जाचातनं कोल्हापूरची चित्रकला वाढलेली आहे.

यासाठी शाहू स्मारकातनं निघून टाऊन हॉलला जावं लागतं. चालत गेलात तरी फार वेळ लागत नाही. मेजर मँटनं आखलेली ती इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली. संग्रहालय तिथं बरंच नंतर, १९४० च्या दशकात आलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं आणि सापडलेल्या वस्तू ठेवायच्या कुठं असा प्रश्न उभा राहिला म्हणून. शाळेच्या सहली आत शिरल्या की पोरं तलवारी-बंदुकांकडं धावतात, बाई त्यांना ओढून ब्राँझच्या पोसायडनपाशी आणतात, तोवर वेळ संपतो. चित्रांच्या वाट्याला फारसं कुणी येत नाही. आणि तिथं अबालाल रहिमान टांगलेले आहेत.

अबालाल इथलेच. घरात अरबी-फारसीचा व्यासंग होता. १८८० च्या दशकात मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथं नाव काढलं, आणि कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ तळ्याच्या परिसरात राहिले आणि तेच रंगवत राहिले: कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा, शेतं, झाडाखालची गुरं. महाराज १९२२ ला गेले तेव्हा अबालालनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं गावात सांगतात. तळ्यात उतरून कुणी खातरजमा केलेली नाही, पण ही गोष्ट माहीत नसलेला चित्रकार कोल्हापुरात सापडायचा नाही. १९३१ ला तेही गेले.

त्यांचं एखादं जलरंगातलं निसर्गचित्र जवळून बघा. अगदी जवळून, राखणदार खाकरेल इतकं. झाड दिसेनासं होतं. हिरव्यावर पिवळा, पिवळ्यावर मातकट, मध्येच एक जांभळट, असे बारीक बारीक ठिपके तेवढे उरतात. कुठं दाट, कुठं विरळ. जलरंग हा तसा एका दमात वाहवून सोडायचा रंग. हा माणूस त्यात टिंबांनी उजेड भरत बसलाय. मग दोन पावलं मागं आलात की त्या टिंबांचं ऊन होतं, आणि तेही कुठल्यातरी पुस्तकातलं नाही, आपल्याकडचं, नोव्हेंबरातलं, साडेआठ-नऊ वाजताचं. इथं मात्र 'कुठलं हे?' विचारायचं कारणच पडत नाही. जागा ओळखायच्या आधी वेळ ओळखू येते.

आज ही चित्रं बघताना आपल्याला 'जुनं कोल्हापूर' दिसतं. गर्दी नाही, तारा नाहीत, पाणी स्वच्छ. आपण हळहळतो. पण अबालाल तळ्याकाठी बसले होते तेव्हा ते जुनं कोल्हापूर नव्हतं. समोर होतं ते त्यांनी घेतलं. त्यांना कसलीही आठवण काढायची नव्हती. आणि माझी नेमकी तक्रार इथंच आहे. शाहू स्मारकाच्या भिंतीवर आज जी घाटांची, रंकाळ्याची, वाड्यांची चित्रं लागतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त चित्रांत आजचा दिवसच नसतो. तारा पुसलेल्या, फलक पुसलेले, मोटारसायकली गायब, घाटाच्या पायरीवर नऊवारीतली एक बाई कळशी घेऊन. मी घाटावर बऱ्यापैकी जातो. कळशी घेतलेली बाई मला तिथं कधी भेटलेली नाही. ती चित्रकारांच्या वहीत राहते आणि लागेल तशी बाहेर येते.

चित्रकारांना हे बोललं की ते चिडतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. "वगळायचा हक्क नाही तर मग ब्रश कशाला धरायचा?" एका सरांनी मला सुनावलं होतं. हे सर घाटावर बसून लँडस्केप मारण्यातले वस्ताद. त्यांच्याकडनंच मला कळलं की एप्रिलमध्ये घाटावर कागद इतका भरभर सुकतो की आभाळाचा वॉश अर्ध्यावरच कड धरतो, आणि श्रावणात तोच कागद सुकायचं नाव घेत नाही. ऊन तासाभरात जागा बदलतं, म्हणून आधी सावल्या बांधून घ्यायच्या, मग ऊन कुठंही जाऊ दे, आपल्या कागदावरच्या सावल्या हलवायच्या नाहीत. हे सगळं सांभाळताना विजेचा खांब पण काढत बसू काय, असा त्यांचा सवाल. बिनतोड आहे. तरी मी म्हणालो, खांब वगळा, पण कळशी घालू नका. ते हसले. पुढच्या प्रदर्शनात कळशी होतीच.

खरी पंचाईत झालीये ती मोबाईलमुळं. जागेवर बसून केलेलं चित्र आणि मोबाईलमधल्या फोटोवरनं घरी केलेलं चित्र यांतला फरक थोड्या सवयीनं लगेच ओळखता येतो. फोटोवरनं केलेल्यात सावल्या काळ्याठिक्कर असतात, त्यांत आजूबाजूचा रंग परतलेला नसतो. कडेच्या दीपमाळा किंचित आत झुकतात, कारण भिंगानं त्या झुकवलेल्या असतात आणि हातानं त्या तशाच उतरवल्या. लांबची बोट आणि जवळची पायरी सारख्याच रेखीव. याउलट फोटोग्राफर आता फोटो कॅनव्हासवर छापून आणतात आणि चौकटीत ताणून बसवतात. लोक बोट लावून बघतात, "रंगवलंय का छापलंय?" पाटी लावावी लागते: कृपया हात लावू नये. फोटोला चित्र व्हायचंय आणि चित्राला फोटो.

पण हे काही आजचं दुखणं नाही, आणि याला दुखणं म्हणावं का, हाही प्रश्नच आहे. कारण या गावात ब्रश आणि कॅमेरा एकाच घरात वाढले. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलत भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून इतके गाजले की आडनाव मागं पडलं आणि दोघंही 'पेंटर' झाले. पडदा रंगवणं म्हणजे सपाट कापडावर राजवाड्याची खोली दाखवणं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे की त्या खांबांमधनं चालत जाता येईल. डोळ्याला फसवायचं हे शास्त्र हातात आलेल्या माणसांना हलत्या चित्रांचं वेड लागलं यात नवल नाही. आनंदराव कॅमेरा बनवायच्या खटपटीत असतानाच १९१६ ला गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन इथंच कोल्हापुरात कॅमेरा तयार केला. तानीबाई कागलकरांनी पैसे घातले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० ला 'सैरंध्री' आला. पुढं टिळकांकडनं 'सिनेमा केसरी' म्हणून शाबासकी मिळाली ती सगळ्यांना पाठ आहे. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हा माणूस कॅमेरा लावायच्या आधी प्रसंग कागदावर काढायचा. पात्रं, पोशाख, महालाच्या कमानी, सगळं. म्हणजे कॅमेरा हातात असूनही त्यानं आधी चित्रच काढलं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. रोज हजारो लोक त्याला वळसा घालून जातात, सिग्नलकडं बघत.

त्याच बाबूरावांच्या हाताखाली एक देखणा पोरगा पोस्टरं रंगवायला शिकला आणि मग पडद्यावर गेला: चंद्रकांत मांडरे. भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या चित्रपटात शिवाजी महाराज झाले ते. राजारामपुरीतलं आपलं राहतं घर त्यांनी सरकारला देऊन टाकलं. तिथं आता त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. कुणी पाहुणा आला की मी त्याला अंबाबाई आणि तांबडा-पांढरा यांच्या मधल्या वेळात तिथं नेतो. पाहुण्यांना वाटतं नटाच्या हौसेची चार चित्रं असतील. आत गेल्यावर भिंतीमागनं भिंती भरलेल्या निघतात. तैलरंग, जलरंग, पेन्सिल, आणि मुख्य म्हणजे पावडर शेडिंग. पाणी नाही, तेल नाही. कोरडी रंगीत भुकटी बोटानं कागदात चोळत जायची. डोंगरामागचं धुकं असं उतरलंय की कागदावर फुंकर मारली तर उडून जाईल. बोटाचा ठसा कुठं सापडतो का, म्हणून मी काचेला नाक लावून शोधलाय. नाही सापडला. मांडऱ्यांच्या निसर्गचित्रांतही तारा-खांब नाहीत, हे मान्य करतो. पण तिथं मला ते खटकत नाही. का ते नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांच्या डोंगराला पत्ताच नाही म्हणून.

आता फोटोंकडं वळतो, कारण आजचा दिवस जर कुठं सापडायचा तर तो तिथं सापडेल अशी माझी समजूत होती. निम्मी पुरी झाली. कोल्हापूरच्या फोटोप्रदर्शनात काय काय असणार हे दारातच सांगता येतं. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटेचे पंचगंगेवरचे दिवे, हे पहिलं. मग जोतिबाची चैत्रयात्रा, गुलालानं सगळा डोंगर गुलाबी. मग पट्टणकोडोलीचा भंडारा, सगळं पिवळं. मग तालमीतला पैलवान, लाल माती अंगाला, खिडकीतनं तिरीप, आणि रंग काढून टाकलेले. किरणोत्सव. पन्हाळ्यावरचं धुकं. प्रत्येक फोटो चांगलाच असतो. आमच्याकडचे फोटोग्राफर कच्चे नाहीत. पण सगळे त्याच पहाटे, त्याच पायरीवर, तिवईला तिवई टेकवून उभे असतात, आणि पुढचा माणूस कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून एकमेकांवर खेकसतात. दिव्यांच्या फोटोत दिवे दिसतात, पण ते टिपायला जमलेली ती फौज कधीच दिसत नाही. माझ्या मते खरा फोटो तोच, आणि तो अजून कुणी काढलेला नाही. म्हणजे चित्रकार तारा पुसतो आणि फोटोग्राफर माणसं टाळतो. वगळायची हौस दोघांनाही सारखीच, नुसती हत्यारं वेगळी.

किरणोत्सवाचं तर आणखी गमतीचं आहे. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला, आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीचा किरण महाद्वारातनं थेट गाभाऱ्यात येतो: पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग आड येतात, कधी वाटेतल्या इमारतींचे कोपरे. त्या अडथळ्यांवर गावात कितीतरी चर्चा झाल्या, मोजण्या झाल्या. पण भिंतीवर फोटो लागतो तो किरण पोचला त्या दिवसाचा. किरण गुडघ्यापाशी अडकून विझला, हजारभर माणसं हळहळली, त्या संध्याकाळचा फोटो कुणी मोठा करून लावत नाही.

अपवाद फक्त पुराचा. पुरात काही वगळता येत नाही, पाणी सगळ्याच चौकटीत शिरतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेच्या पाण्याला ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात पोराटोरांना माहीत असतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ च्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच तऱ्हा. त्यानंतर एका सामूहिक प्रदर्शनात एका तरुण फोटोग्राफरनं पुराचे फोटो लावले होते. त्यांत नाट्य कमी होतं म्हणून ते माझ्या लक्षात राहिले. एका फोटोत नुसतं मातकट पाणी, त्यात 'वाहने सावकाश चालवा' या फलकाची वरची अर्धी ओळ, आणि मागं एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दोरीवर वाळत घातलेलं परकर-टॉवेल. शहर बुडालेलं आणि कुणीतरी धुणं वाळत टाकलेलं. धुणं तर रोजचं आहे, ते कुठं थांबतंय!

त्या फोटोपाशी एक बाई आल्या. 'कुठलं हे?' विचारायची त्यांना गरज पडली नाही. "ही आमच्या जाऊबाईंची गॅलरी," त्या जवळजवळ ओरडल्याच. मग फोटो कुणी काढला ते विचारून पोराला गाठलं आणि चांगला फैलावर घेतला. "आम्ही माळ्यावर बसून पाण्याच्या बाटल्यांची वाट बघालतो, आणि तू फोटो काढत फिरालतास व्हय रं? एखादी नाव घेऊन यायचंस की."

"मावशी, नावेतनंच काढलाय त्यो. बाटल्याच वाटालतो."

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मग आमच्या गल्लीत का न्हाई आलास?" आणि पुढचा अर्धा तास गल्लीतलं पाणी कुठल्या बाजूनं शिरलं, कुठल्या कोपऱ्यावर ओढ होती, ट्रान्सफॉर्मर कुठपर्यंत बुडाला, हे त्या फोटोवर बोट ठेवून सगळ्यांना सांगत राहिल्या. हात लावू नये ही पाटी बाजूलाच होती. दालनातले लोक गोळा झाले, ज्याच्या त्याच्या गल्लीचा हिशेब सुरू झाला. इतर कुठल्याही कलादालनात असा गोंगाट झाला तर राखणदार येईल. इथं राखणदारही त्यात होता. त्याचं घर सुतारमळ्याकडं.

त्या मुंबईच्या चित्रकाराला हे दाखवायला हवं होतं. पत्ता कळल्यावर बघणं संपत नाही, कधीकधी तिथंच सुरू होतं.

विक्रीचं फारसं सांगण्यासारखं नाही. चौकटीच्या कोपऱ्यात लाल टिकली लागली की चित्र गेलं. आठवडाअखेर अशा टिकल्या हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यांतली निदान एक सरांच्या साडूनं घेतलेली असते. डॉक्टर घेतात, आर्किटेक्ट घेतात, नव्या हॉटेलवाले एकदम घाऊक घेतात. फोटो त्याहून कमी जातात. "मोबाईलवर पाठव की," असं लोक तोंडावर म्हणतात. जलरंग स्वस्त आणि तैलरंग महाग, असा एक समज आहे. त्यामागं वजनापलीकडं काही कारण असेल असं मला वाटत नाही. जानेवारीत टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' या कलासंस्थेची मंडळी 'मैफल रंगसुरांची' भरवतात. एका बाजूला गाणं चाललेलं, दुसऱ्या बाजूला झाडाखाली चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर काम करतायत. तिथं गर्दी मावत नाही. चित्र होताना बघायला गाव फुकट उभं राहतं, झालेलं चित्र घरी न्यायला मात्र हात खिशाशी अडखळतो.

तरीही अलीकडं एक विक्री बघितली ती सांगायलाच हवी. विद्यार्थ्यांचं प्रदर्शन होतं. दालनभर नेहमीचं होतंच, कळशीसुद्धा. एका कोपऱ्यात मात्र कोटितीर्थ होतं, अॅक्रिलिकमध्ये, कॅनव्हासवर. पाणी जवळजवळ नव्हतंच. सगळं तळं केंदाळानं भरलेलं, हिरवंगच्च, त्यावर ती फिकट जांभळी फुलं. काठावर केंदाळ उपसणारं पिवळंजर्द पोकलेन, सोंड पाण्यात, आणि उपसलेल्या ढिगाशेजारी चहाचा ग्लास धरून बसलेला माणूस. तारा होत्या. पलीकडच्या कंपाउंडवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलकही होता, त्यावरचे चेहरे तिनं नुसत्या गुलाबी ठिपक्यांत उडवले होते. चित्र फार सफाईदार नव्हतं. डाव्या बाजूचं झाड फसलं होतं. पण मी तिथं बराच वेळ थांबलो.

पोरगी जवळच उभी होती. मी विचारलं, तळं असं का घेतलं. "असंच हाय की ते," ती म्हणाली. "सर म्हणाले पोकलेन काढून टाक, कंपोझिशन बिघडतंय. मी म्हणलो, ते काढलं तर पिवळा कुठनं आणू?" अबालाल माहीत आहेत का, हे विचारायचं मी टाळलं. माहीत असणारच, आणि नसले तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

तेवढ्यात एक गडी आला, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, हातात गाडीची किल्ली. तो कुणाच्यातरी सत्काराला आला होता. चित्राकडं बघितलं आणि किल्ली खिशात घातली.

"ही माझी गाडी."

पोरीला आधी कळेना. मग कळलं की पोकलेन त्याचं आहे. किंमत साडेसात हजार लिहिली होती. त्यानं घासाघीस केली नाही, फक्त एक अट घातली. सोंडेवर 'आई अंबाबाई प्रसन्न' लिहिलेलं आहे, ते चित्रात राहिलंय, तेवढं घालून दे.

"काका, एवढ्या लांबनं ते दिसत न्हाई," ती म्हणाली. "मी समोरच्या काठावर बसलो होतो."

त्यानं मोबाईल काढला. त्याच तळ्याचा, त्याच पोकलेनचा फोटो, बहुधा त्याच काठावरनं काढलेला. दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि फोन तिच्या नाकासमोर धरला. अक्षरं फुटली होती, पण होती. "दिसतंय का न्हाई?"

ती हट्टी होती. "फोनला दिसतंय. मला दिसलं नव्हतं." तो म्हणाला, "मला दिसतंय की." यावर दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी साहजिकच पलीकडचा जोतिबा बघायला गेलो.

परत आलो तोवर मिटलं होतं. तिनं पिशवीतनं रंगाची ट्यूब आणि बारीक ब्रश काढला आणि सोंडेच्या पिवळ्यावर लाल रंगाचे दोन आडवे फटकारे ओढले, एक लांब, एक तोकडा. अक्षर एकही नव्हतं. गडी चार पावलं मागं सरकला, डोळे बारीक केले, आणि मोठ्यांदा वाचलं, "आई अंबाबाई प्रसन्न." मग लाल टिकली कुठं लावायची, ते विचारलं.